चूल नसलेले बारा

तनुजाला वाटणीची नजर होती. कन्नड गावच्या घरात तिघी बहिणी, ती मधली. आईनं तीन वाट्यांत शिरा घातला की कुठल्या वाटीत चमचाभर जास्त पडला हे तिला उंबऱ्यातूनच कळायचं, आणि ती वाटी आपली नाही हे कळलं की आपल्या वाटीतला शिरा गोड लागायचा नाही. आई म्हणायची, "हिच्या डोळ्यात तराजू हाय गं बाई." थोरली म्हणायची, "तराजू नाय, मिरची हाय." दोघींचंही खरं होतं. डोळ्यांतली ही आग घेऊनच ती शिकली, शहरात आली, गोकुळशी लग्न करून पुंडलिकनगरात राहिली, आणि जे काम तिला मिळालं तेही नेमकं याच नजरेचं निघालं.

ती ज्या कंपनीत होती ती फार मोठी नव्हती. जालना रोडला एका बँकेच्या डोक्यावरचा मजला, वीसेक माणसं, आणि सगळ्यांचे मालक सर्जेराव सर. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवायचे आणि त्यांचा कारभार एका पडद्यावरून पाहायचा, असं सॉफ्टवेअर तिथं बनायचं. कारभार पाहायचा तर आधी मूळ मशीन आतून कशी आहे हे कळायला हवं. तिच्यात प्रोसेसर किती, प्रत्येकात काम करणारे कोर किती, कुठल्या कोरच्या जवळ कुठली मेमरी. मशीनला हे विचारून पडद्यावर सांगणारं पान तनुजानं लिहिलं होतं. कंपनी चार खुर्च्यांची होती तेव्हा.

त्या पानावर चार चौकटी होत्या. मशीनच्या बाजू किती, दर बाजूला प्रोसेसर किती, दर प्रोसेसरमध्ये कोर किती, दर कोर एका वेळी कामाचे किती धागे ओढतो. चार आकड्यांचा गुणाकार केला की मशीनची ताकद हातात. मशीन सरळ असली तर हे पान देवासारखं बोलायचं. पण एका बाजूला सोळा कोर आणि दुसरीकडे बारा, अशी वाकडी मशीन आली की गुणाकार बसेना. अशा मशीनसाठी तनुजानं एक सोय करून ठेवली होती. बसत नसलं की पानानं सरळ सांगायचं: बाजू एक, प्रोसेसर एक, कोर अठ्ठावीस. एकूण आकडा चुकायचा नाही. आत भिंत आहे, हे मात्र पान गिळून टाकायचं. कुणी कधी विचारलं नाही, आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. आकडा जुळतोय म्हटल्यावर पुढचं कोण पाहतंय?

सर्जेराव सर तेव्हा दिवसातून दोनदा तरी तिच्या टेबलाच्या कडेला टेकायचे. "तनुजा, ही मशीन काय म्हणते?" टेबलाच्या त्या कडेचा रंगसुद्धा उडाला होता.

मग उजमा आली.

वैजापूरची, वडिलांचं तिथं सायकलचं दुकान, तनुजापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. येताना बरोबर काही आणलं नाही, पण आठवड्याभरात सगळं ऑफिस तिचं झालं. डबा उघडला की ही सगळ्यांच्या डब्यांत हात घालायची आणि तिचा हात कुणालाच खुपायचा नाही. मोनिका, जी ग्राहकांचे फोन घ्यायची आणि कधी कुणाला आपलं लोणचं द्यायची नाही, ती स्वतः बरणी पुढं सरकवायची. उजमा हसायची तेव्हा पलीकडच्या खोलीतले लोक मान वर करायचे. तनुजा हे सगळं मोजत बसायची. सर आता कुठल्या टेबलाला टेकतात. किती वेळ. तिथून उठताना हसत उठतात की कसे.

हेवा म्हणतात तो काही एका क्षणी पेटत नाही. तो दमट भिंतीसारखा असतो, हात लावल्यावर कळतं की आत किती ओल मुरली आहे. तनुजाचा हात लागला तो एका दुपारी, डबा खाताना, आणि तोही तिच्याच तोंडून निघालेल्या गोष्टीवर.

गोष्ट सासरची होती, पाचोडची. तिथं एका घरात दोन चुली. तिची जाऊ रूपा वेगळं शिजवायची आणि सासू सरूबाई वेगळं. भिंत नाही, पडदा नाही, फक्त धूर वेगळा. गावात एका घरी लग्न होतं आणि आवतन सांगायला माणूस आला.

"त्यानं उंबऱ्यातूनच हाक मारली," तनुजा सांगत होती, "की चूलबंद आवतन हाय म्हणून. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. दारात होती रूपा. ती व्हय म्हणाली अन् आपलं बिऱ्हाड घेऊन जेवायला गेली. सासूबाई म्हणाल्या, त्यानं रूपाची चूल बंद केली, माझी नाय केली. मला कुणी सांगितलं? अन् त्या बाईनं भर दुपारी चूल पेटवली, कढई चढवली, अन् भजे तळले! मांडवापर्यंत वास गेला पाहिजे असे!"

मोनिकाला हसता हसता ठसका लागला. तनुजाला फार दिवसांनी बरं वाटलं. मग तिनं पाहिलं, की उजमा हसत नाहीये. तिच्या हातातला घास हातातच होता.

"एक मिनिट, ताई. म्हणजे उंबरा एक, पण चुली दोन?"

"व्हय."

"अन् तो आवतनवाला उंबरा मोजून गेला."

"अगं व्हय, त्याचाच तर घोटाळा."

"या अल्ला," उजमा स्वतःशीच म्हणाली आणि डबा तसाच टाकून उठली.

पंधरवड्यात नवं पान तयार झालं. त्यावर चौकटी नव्हत्या. मशीन म्हणजे एक घर काढलेलं, आत जितक्या मेमरी तितक्या चुली, आणि प्रत्येक चुलीभोवती तिच्यावर जेवणारे कोर. सोळा इथं, बारा तिथं, कितीही वाकडं असलं तरी जसं आहे तसं. आपल्या चुलीवर जेवणाऱ्याचं काम पटकन होतं, दुसऱ्याच्या चुलीवरून आणून खाणाऱ्याला वेळ लागतो, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं असं चित्र. सर ते पाहून टेबलाला टेकले ते उठेचनात.

ऑफिसात त्याला चूलवालं पान म्हणू लागले. उजमाचं चूलवालं पान.

"माझ्या सासूची चूल," तनुजा त्या संध्याकाळी गोकुळला म्हणाली. तो कणीक मळत होता. त्याचं टायरचं दुकान होतं, हाताला रबराचा वास कायम. "माझ्या सासूची, तुझ्या आईची, अन् नाव तिचं."

"मंग तुझंबी नाव टाका म्हणावं त्याच्यावर."

"नावाचं नाय रे."

"मंग कशाचं?"

पान उजमानं लिहिलं होतं, उत्तम लिहिलं होतं, एकही ओळ चोरलेली नव्हती. गोष्ट तर तिनं स्वतः फुकट वाटली होती. मग गेलं काय होतं? पण काहीतरी गेलं होतं. इतकी वर्षं ती चूल तिच्या डोळ्यासमोर होती आणि तिचं स्वतःचं पानही. दोन्ही एकमेकांना लावून पाहण्याचं तिला सुचलं नाही, आणि वैजापूरच्या पोरीला एका घासात सुचलं. ज्या नजरेवर तनुजा जगत आली, ती नजर दुसरीच्या चेहऱ्यावर जास्त शोभत होती.

पुढच्या आवृत्तीत जुनं पान काढून टाकायचं की ठेवायचं, हे ठरायचं होतं. सर म्हणाले, आधी एका ग्राहकाकडे नवं चालवून पाहू. चिकलठाण्याच्या पुढं बियाण्यांची एक कंपनी होती. त्यांचा बियाण्यांच्या चाचण्यांचा डेटाबेस कित्येक महिने रखडत चालायचा आणि का ते कळत नव्हतं. तिघं गाडीनं निघाले. उजमाला गाडी लागते म्हणून ती पुढं बसली. तनुजा मागच्या सीटवरून दोघांच्या माना पाहत राहिली.

तिथली यंत्रं सांभाळायचे कमरोद्दीनभाई. पन्नाशीचे, गार खोलीत बसून बसून अंगात बारमाही स्वेटर. त्यांनी एका पडद्यावर जुनं पान लावलं, दुसऱ्यावर उजमानं नवं लावलं. कमरोद्दीनभाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"मॅडम, जुन्यावर अठ्ठावीस कोर दिसतेत. तुमच्या नव्यावर सोळाच. बाकीचे बारा कुठं हिजरत करून गेले काय?"

चित्रात एकच चूल होती. तिच्याभोवती सोळाजण. बाकी घर रिकामं.

उजमा खाली वाकली. "एक मिनिट, सर."

एका मिनिटाची दहा झाली. तिची बोटं नुसतीच कळांवर फिरत होती आणि कानामागं लाली चढत होती. सर्जेराव सर काही वेळ घड्याळ पाहत राहिले, मग म्हणाले, "राहू दे. आपण सध्या जुनंच ठेवू. तनुजाचं पान आजवर कधी ग्राहकासमोर तोंडघशी पडलं नाही."

त्या बर्फासारख्या खोलीत तनुजाच्या पोटात ऊब पसरली. ती मान खाली घालून उभी होती, नम्रपणानं नव्हे, चेहरा दिसू नये म्हणून. तिला ठाऊक होतं की तिचं पानही इथं धड सांगत नाही. डेटाबेसच्या परवान्याचे पैसे दर कोरमागं भरावे लागतात म्हणून दुसऱ्या प्रोसेसरचे चार कोर बंद ठेवलेले होते, म्हणून मशीन वाकडी होती, म्हणून तिच्या पानानं भिंत गिळून अठ्ठावीसचा एकच ढीग दाखवला होता. बहुधा त्या ढिगावर विश्वास ठेवूनच या लोकांनी डेटाबेस कुठंही बसवला असेल. पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. उजमाचं पान पडलं होतं आणि तिचं उभं होतं, एवढंच त्या खोलीतल्या माणसांना दिसत होतं. ते तसंच दिसू द्यायचं, असं तिनं ठरवलं. बोलायचं काही कारणच नव्हतं.

चहासाठी सगळे कमरोद्दीनभाईंच्या केबिनमध्ये बसले. उजमा मांडीवर लॅपटॉप घेऊन खाली मान घालून होती. चहाला तिनं हात लावला नाही. कमरोद्दीनभाईंना वाईट वाटलं असावं.

"अरे बेटा, मशीनी हायेत, होतं असं. पण ते चुलीचं लई पटलं बघा मला. मोनिका मॅडम फोनवर सांगत होत्या, हसून हसून बेजार झालो. तुमच्या वैजापूरचीच गोष्ट ना ती? ती बुढी रागारागानं भजे तळते ती?"

उजमानं मान वर केली. ती नाही म्हणणारच होती, तिचे ओठ उघडलेही होते. पण तनुजाला तेवढाही दम धरवला नाही. पान पडलेलं असताना, सगळं परत मिळालेलं असताना, सरूबाई मात्र वैजापूरला जाऊन बसल्या होत्या.

"ती माझी सासू आहे," तनुजा म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. "वैजापूरची नाय, पाचोडची. अन् तुम्ही ऐकली तेवढीच नाय ती गोष्ट. ती फक्त माझ्याकडं हाय."

"अजून काय हाय?" कमरोद्दीनभाई कप ठेवून पुढं झाले.

आता सांगणं भाग होतं. ती गोष्ट ऑफिसात भज्यांपाशीच संपवायची, कारण पुढच्या भागाला कुणी हसलं नसतं.

"घरात अजून एकजण होत्या. पारूबाई. सासऱ्यांची बहीण, विधवा. त्यांची चूल नव्हती. एक महिना रूपाकडं जेवायच्या, एक महिना सासूबाईंकडं. पुनवेला पाळी बदलायची. अन् लग्न आलं नेमकं पुनवेला. रूपाला वाटलं आत्याबाईंची पाळी आता तिकडं. सासूबाईंना वाटलं रूपाबरोबर मांडवात गेल्या. दोघींनी आपापल्या चुलीवरची माणसं मोजली, दोघींचा हिशेब बरोबर आला. पारूबाई माजघरात बसून होत्या. संध्याकाळी मी इथून पोचले, दिवा लावायला गेले, तेव्हा मला दिसल्या."

"अन् काही म्हणाल्या नाय?"

"विचारलं मी, जेवला का म्हणून. म्हणाल्या, भज्याचा वास लई चांगला सुटला होता."

सरांनी चहाचा कप उगाचच फिरवला. आणि तेवढ्यात तनुजाला आपण काय केलं ते कळलं, कारण उजमा तिच्याकडं टक लावून पाहत होती. अगदी तशीच, घास हातात धरल्यासारखी.

"चूल नाही," उजमा हळू म्हणाली. "माणूस आहे, चूल नाही. ताई, मी चुलीवरून मोजलं ना! आधी मेमरी विचारली, मग तिच्याभोवतीचे कोर. मेमरी शून्य आली की मी ती बाजूच सोडून दिली." ती गर्रकन वळली. "कमरोद्दीनचाचा, या मशीनची अर्धी मेमरी कुणी काढली का?"

"हौ, काढली ना. दुसऱ्या बाजूची कार्डं जळाली होती. नवीन मागवलीत, आली नाय अजून. पण मशीन बंद नाय पडली, म्हणून म्हटलं चालू द्या."

"बंद कशी पडेल? शेजारून मागून खातायत ते बारा!"

तिला अर्धा तास लागला. तनुजानं त्या अर्ध्या तासात एक बिस्किट खाल्लं, ते बराच वेळ तोंडात फिरत राहिलं. मग पडद्यावर घर पुन्हा उमटलं. एका चुलीभोवती सोळा. पलीकडं, नुसत्या जमिनीवर, बारा. आणि डेटाबेसचं नाव त्या बारांच्या डोक्यावर.

"लाहौल विला," कमरोद्दीनभाई म्हणाले. "म्हणजे आम्ही आमचा डेटाबेस पारूबाईंच्या पंगतीला बसवला होता!" ते आधी हसले, मग थांबले. "पण मग जुन्या पानानं हे का नाय सांगितलं? त्याच्यावर तर सगळे एकाच ठिकाणी दिसत होते. तेच बघून बसवला ना आम्ही."

सरांनी तनुजाकडं पाहिलं नाही. उजमाकडं पाहिलं. उजमानं खाली पाहिलं. तिला माहीत होतं, तिनं ते जुनं पान ओळ न् ओळ वाचलं होतं, आणि ती सांगणार नव्हती. तनुजाला ते स्पष्ट दिसलं. ही पोरगी तिच्यावर पांघरूण घालत होती. सगळ्यांच्या डब्यांत हात घालणारी ही मुलगी आता तिला आपल्या डब्यातलं काढून देत होती, दयेनं. ते मात्र तनुजाच्यानं घेववलं नाही.

"मशीन वाकडी असली की जुनं पान खोटं सांगतं," ती म्हणाली. "मी तसं लिहिलंय."



नवं पान ठरलं. जुनं एकदम काढता येत नव्हतं, कारण कितीतरी ग्राहकांची जुनी कामं त्या चार आकड्यांना बांधलेली होती. ते तळाशी कुठंतरी राहणार होतं, वर एक सूचना घेऊन. मेमरी नसलेल्या बाजूला ऑफिसात सगळे पारूबाई म्हणू लागले. उजमा नव्या ग्राहकांना फोनवर समजावून सांगायची तेव्हा दरवेळी सुरुवातीलाच म्हणायची, "ही आमच्या तनुजाताईंच्या सासरची गोष्ट आहे बरं का, पाचोडची." एकदाही विसरली नाही. तनुजा पलीकडच्या टेबलावरून कान देऊन ऐकायची. कुठं चुकते का, सरूबाईंच्या तोंडी भलतं काही घालते का. ती चुकायची नाही. उलट पारूबाईंपाशी आल्यावर ती अशी जरा थांबायची, की फोनच्या पलीकडचा माणूसही थांबत असेल. तनुजाला ती गोष्ट तशी कधीच सांगता आली नव्हती. आता तर तिला ती सांगावीशीही वाटत नव्हती.

सूचना तिनंच लिहायची असं सर म्हणाले होते. दोन ओळींचं काम, तिला दुपार लागली. शेवटी तिनं लिहिलं: "या पानावरचा एकूण आकडा बरोबर असतो. मशीनच्या बाजू सारख्या नसतील तर वाटणी खोटी दाखवली जाते. खरी वाटणी नव्या पानावर पाहावी."

उजमा पाठीमागून येऊन वाचत उभी राहिली. तिच्या अंगाला कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास होता.

"ताई, 'खोटी' कशाला लिहिता? चांगलं नाही दिसत. 'अंदाजे' लिहा ना."

"अंदाजे नव्हती ती," तनुजा म्हणाली. "मला खरी माहीत होती."

उजमा म्हणाली, "बरं," आणि तनुजाच्या टेबलाच्या त्या रंग उडालेल्या कडेला टेकायला गेली.

"तिथं नको," तनुजा म्हणाली, आणि सूचना जतन केली.